पाऊल पडलं की सुई उडते

पुण्या-मुंबईतल्या जुन्या वाड्यांत, चाळींत वरच्या मजल्याची जमीन बहुधा लाकडी वाशांवर फळ्या ठोकून केलेली. तिथे टेबलावर रेकॉर्ड लावावी आणि कुणी दाणदाण पावलं टाकत यावं, की सुई उडालीच!

खाचेतली वळणं केसाहूनही बारीक असतात, त्यामुळे सुईच्या लेखी पाऊल म्हणजे भूकंप. त्यात सुई बसवलेली कार्ट्रिज आणि तिला धरणारा आर्म यांची जोडी साधारण ८ ते १२ हर्ट्झला आपणहून डोलते. जमिनीचा हेलकावा त्याच्या जवळपास आला, की डोलणं वाढतं.

हादरे अडवायला अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१ साली एआर कंपनीच्या टर्नटेबलमध्ये तबकडी आणि आर्म स्प्रिंगांवरच्या एकाच चौकटीत बसवले. स्पीकरचे हादरे त्याने अडतात. पण हलत्या फळ्यांवर स्प्रिंगच हिंदकळू लागते. अशा घरात टर्नटेबलखाली लावायला महागडे रबरी पाय विकत घेणं म्हणजे पैसे वाया.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे भिंतीतली फळी. विटांच्या भक्कम भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकायचे, पार्टिशनला नाही. ते जमत नसेल, तर टेबल खोलीच्या मधून हलवून वाशांची टोकं भिंतीत शिरतात तिथे न्यावं. सिमेंटच्या स्लॅबवर हा त्रास कमीच. तिथे कडप्प्याची जड लादीही पुरते.

स्पीकर मात्र त्याच टेबलावर नकोत.

खर्चाआधी चाचणी घ्या: थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज बेताने वाढवा आणि जमिनीवर टाच आपटा. धप्प ऐकू आलं, तर दोष जमिनीकडून येतोय.