इंग्रजीत बोलायचं, पण कशावर?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तरीही पदवी घेतलेली मुलं मुलाखतीत ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटलं की गप्प होतात. व्याकरण ठाऊक असतं, जिभेला सवय नसते.

मग सरावाला विषय निवडला जातो ‘प्रदूषण’. त्यावर आपण मराठीत तरी रोज कुठं बोलतो? दोन वाक्यांत गाडं अडतं आणि खापर इंग्रजीवर फुटतं.

विषय घरातलाच घ्या. पोहे कसे करतात, हे सांगताना साधा वर्तमानकाळ घोटला जातो. काल दिवसभर काय केलं, यात भूतकाळ येतो. रविवारच्या बेतात भविष्यकाळ. एसटी स्टँडवरून घरी कसं यायचं, हे सांगताना ‘लेफ्ट’, ‘निअर’, ‘बिहाइंड’ तोंडात बसतात.

‘मी काल बाजारात गेलो’ या वाक्यात क्रियापद शेवटी आहे. इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येतं: ‘आय वेंट टु द मार्केट यस्टरडे’. काय सांगायचं ते पक्कं असेल, तरच या क्रमाकडे लक्ष देता येतं.

एकच विषय तीन दिवस, तीन वेगळ्या माणसांना सांगा. ऐकणाऱ्यानं मध्येच चुका काढू नयेत, ‘व्हाय?’, ‘व्हॉट नेक्स्ट?’ एवढंच विचारावं. चुका शेवटी सांगाव्यात.

‘स्वतःविषयी सांगा’ म्हणजे तरी काय? काय शिकलो, सध्या काय करतो, पुढं काय करणार. काल, आज आणि उद्या! त्याची तयारी पोह्यांपासूनच होते.