ताट समोर आहे, पण घास उतरत नाही

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आपल्या गप्पा घराकडे वळतात. त्यात एक तक्रार आम्हाला अलीकडे बरेचदा ऐकू येते, "पोरगी नीट जेवत नाही हो. ताट वाढलं की भूक नाही म्हणते." कुणी म्हणतं नखरे, कुणी म्हणतं मोबाइलचं खूळ. पुष्कळदा ते वयाचं असतं आणि आपोआप जातंही. पण काही मुलींच्या बाबतीत तो आजार असतो. त्या आजारात मनाचा वाटा किती आणि घराचा किती, हे आज समजून घेऊ.

या आजाराचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात मुलगी खाणं कमी करत जाते आणि हाडं दिसायला लागली तरी तिला आपण जाडच वाटतो. याला ॲनोरेक्सिया म्हणतात. दुसरा बुलिमिया. यात थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, मग वजनाच्या भीतीने उलटी काढली जाते किंवा कडक उपास केले जातात. तिसऱ्यात खाणं आवरता येत नाही आणि मागून फार लाज वाटते. शेवटच्या दोन प्रकारांत मुलगी अंगाने ठीकठाक दिसू शकते, म्हणून नुसतं बघून आजार कळत नाही. आणि हा आजार मुलग्यांनाही होतो.

एक फरक लक्षात ठेवा. घरात धान्य कमी आहे, किंवा सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, तो प्रश्न वेगळा. इथे अन्न समोर असतं, पण भीती घास घेऊ देत नाही.

ही भीती येते कुठून? एकाच कारणाने नाही. काही भाग आनुवंशिक असतो. काही भाग स्वभावाचा: सगळं अचूक हवं असणारी, दोन मार्क कमी पडले तरी झोप न येणारी, मनातलं मनातच ठेवणारी मुलगी. वयात येताना शरीर बदलतं, त्यात कुणी चिडवतं, कधी घरात एखादं दुःख घडतं. शिक्षण, लग्न, बाहेर जाणं, काहीच आपल्या हातात नाही असं वाटलं, की निदान ताट तरी आपल्या हातात आहे, असा आधार मन धरतं.

आता घराचं. "तब्येत सुधारली गं" हे आपण मायेने म्हणतो, पण बारीक होण्याच्या धास्तीत असलेल्या मुलीला ते बोचतं. "एवढी जाड, कोण पसंत करणार?" हे तर गमतीतही बोलू नये. आपण आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवतो, तेही लेक ऐकत असते. बाहेरचं वारंही घरात शिरतं. फिजी बेटांवर भरलेलं अंग चांगलं मानत. तिथल्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला. तेव्हा पाहणी केलेल्या शाळकरी मुलींपैकी एकीनेही वजनासाठी उलटी काढत असल्याचं सांगितलं नव्हतं. १९९८ सालच्या पाहणीत शंभरातल्या अकरा मुलींनी तसं सांगितलं.

"हट्टी आहे, दोन दिवसांत वठणीवर येईल" असंही म्हणतात. पण उपासमार स्वतःच मन बदलते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. ते चिडचिडे झाले, उदास झाले, रात्रंदिवस खाण्याचाच विचार करू लागले. म्हणजे ओरडून किंवा मारून हा आजार जात नाही.

मग दोष आईचा का? १८७४ साली लंडनच्या डॉक्टर विल्यम गल यांनी ॲनोरेक्सियावर लिहिताना नातेवाइकांना सर्वांत वाईट शुश्रूषा करणारे ठरवलं होतं. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच लंडनमध्ये, मॉडस्ली रुग्णालयात, आईवडिलांनाच उपचारात सोबतीला घेण्याची पद्धत सुरू झाली. आईवडील शेजारी बसून, न रागावता, मुलीला जेवू घालतात आणि ती सावरली की ताट पुन्हा तिच्या हाती देतात. कोवळ्या वयातल्या मुलींना या पद्धतीचा चांगला उपयोग होतो. घराने आजार निर्माण केला असं तज्ज्ञ आता मानत नाहीत. मात्र घरातलं बोलणं तो वाढवू शकतं, आणि घरच त्यातून बाहेर काढायला मोठी मदत करतं.

तेव्हा लक्ष ठेवा. वजन झपाट्याने उतरतंय, पाळी बंद झाली, चक्कर येते, जेवल्याबरोबर मोरीकडे जाते, एकापाठोपाठ उपास धरते, सगळ्यांसोबत जेवणं टाळते, यातलं काही दिसलं तर आशाताईंना सांगा आणि डॉक्टरांकडे न्या. वारंवार उलट्यांनी रक्तातले क्षार कमी होऊन हृदयाला धोका होतो, म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फुकट, मराठीतून बोलता येतं.

तिच्याशी बोलताना वजन आणि दिसणं हा विषय काढू नका. "तू काळजीत दिसतेस, आम्ही आहोत," एवढंच म्हणा आणि तिचं ऐकून घ्या. तिच्यासोबत रोज जेवायला बसा. त्यासाठी मात्र, मैत्रिणींनो, आपल्यालाही सगळ्यांच्या मागून जेवायची सवय सोडून वेळेवर स्वतःचं ताट वाढून घ्यावं लागेल.