बिऱ्हाड समुद्रापार नेताना

रत्नागिरीत आता अशी आळी सापडणे कठीण, की जिथले कुणी ना कुणी परदेशी नाही. कोणाचा मुलगा कुवेतला, कोणाची सून न्यू जर्सीला, तर कोणाचे जावई सिंगापूरला. पूर्वी कमावता पुरुष एका ट्रंकेनिशी बोटीवर चढे आणि त्याचे घर इथेच राही. आता पोराबाळांसकट अख्खे बिऱ्हाड उठते, आणि मग घरोघर एकच खल सुरू होतो : काय न्यायचे नि काय ठेवायचे?

वीजखात्यात माझी बत्तीस वर्षे गेली, म्हणून ओळखीपाळखीची माणसे हा प्रश्न घेऊन माझ्या ओटीवर येतात. "काका, आमचा मिक्सर तिकडे चालेल का?" इथून सुरुवात होते आणि गाडी आजीच्या कपाटापर्यंत येऊन थांबते. मिक्सरचे उत्तर सोपे आहे, कपाटाचे तेवढे नाही. दोन्ही उत्तरे इथे मांडतो.

आधी आमच्या गावातलाच दाखला देतो. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेहून हलवले आणि मद्रासमार्गे १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. एवढ्या मोठ्या राजवाड्याची आवराआवर करायला त्याला पुरता एक दिवसही मिळाला नाही. हाताशी लागले ते जडजवाहीर त्याने बरोबर घेतले. इथे आल्यावर खर्च भागेना, तेव्हा त्यातले कितीतरी विकावे लागले. त्याचे सिंहासन तर त्याच्यापर्यंत आलेच नाही. ते कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले आणि ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली परत मायदेशी पोहोचले. राजासाठी टेकडीवर राजवाडा बांधून झाला तो १९१० साली, म्हणजे इथे आल्यावर चोवीस वर्षांनी. आणि १९१६ मध्ये तो वारला. थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की वस्तूची किंमत मोठी असली म्हणजे ती नव्या घरात उपयोगी पडतेच असे नाही. आपल्याला राजासारखी घाई नसते. तिकीट हाती असते, दोन-तीन महिने हाताशी असतात. मग निवड तरी शहाणपणाने करावी!

आता विजेचे पाहू. आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्ट दाबाने, सेकंदाला ५० आवर्तने घेत. इंग्लंड, युरोप, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथे थोड्याफार फरकाने तोच हिशेब. तिथे अडचण फक्त प्लगची. इंग्लंड, आखातातले पुष्कळ देश नि सिंगापूर इथे चौकोनी पिनांचा प्लग असतो, तर ऑस्ट्रेलियात तिरप्या पिनांचा. दोन पैशांच्या अॅडॉप्टरने काम भागते.

अमेरिका आणि कॅनडाची गोष्ट निराळी. तिथे १२० व्होल्ट आणि ६० आवर्तने. जपानात तर १०० व्होल्ट, आणि आवर्तने टोकियोकडे ५० तर ओसाकाकडे ६०! अॅडॉप्टर पिना बदलतो, विजेचा दाब बदलत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. दाब निम्मा झाला की उष्णता पावपट होते. म्हणजे आपली १००० वॅटची इस्त्री अमेरिकेत जेमतेम २७० वॅटने तापणार. तिने सुती परकरसुद्धा सरळ व्हायचा नाही. मिक्सर घरघरेल, पण ओल्या खोबऱ्याचे वाटण काही बारीक होणार नाही. दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरसाठी तो चांगला दणकट लागतो, आणि त्याचे वजन मिक्सरला लाजवील असे असते. शिवाय तो आवर्तने बदलत नाही, त्यामुळे फ्रीज आणि पंखा यांच्या मोटरी बिघडण्याचा धोका राहतोच.

यावर माझा एकच मंत्र : वस्तू उलटी करा आणि तिच्या पाठीवरची पट्टी वाचा. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे लिहिले असेल, तर ती वस्तू जगात कुठेही न्या. मोबाईल नि लॅपटॉपचे चार्जर बहुधा असे असतात. नुसते '२३० व्होल्ट' असेल, तर अमेरिकेस आणि जपानला जाणाऱ्यांनी ती वस्तू धाकट्या भावाला द्यावी, तो दुवा देईल. अमेरिकेत चालणारे ११० व्होल्टचे भारतीय धाटणीचे मिक्सरही विकत मिळतात.

फ्रीज आणि धुलाईयंत्र नेऊ नये, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. अमेरिकेतल्या भाड्याच्या घरात फ्रीज आणि शेगडी बहुधा असतेच. उलट जर्मनीत भाड्याच्या घरात पुष्कळदा ओटा, सिंक, इतकेच काय दिवेसुद्धा नसतात! म्हणून घर ठरवतानाच 'आत काय काय आहे?' हे लेखी विचारून घ्यावे, आणि मगच यादीला हात घालावा.

स्वयंपाकघरातला दुसरा पेच इंडक्शनच्या शेगडीचा. तिच्यावर अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही, तांब्यापितळेची भांडी तापत नाहीत. स्टीलचीही सगळीच चालतात असे नाही. साधे लोहचुंबक घ्या आणि भांड्याच्या बुडाला लावून पाहा. घट्ट चिकटले तर भांडे चालेल, घसरले तर चालणार नाही. इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही. विळी मात्र अवश्य न्यावी, खवणीसकट. तिला ना व्होल्ट ना आवर्तने. फक्त ती हातातल्या पिशवीत ठेवू नये, विमानात चढू देणार नाहीत. सामानाच्या बॅगेत पात्याला जाड फडके गुंडाळून घालावी. पाटा-वरवंट्याचा मोह टाळावा. एका बॅगेला बहुधा २३ किलोंची मुभा असते, ती पाटा एकटाच खाऊन टाकतो.

आता लाकूडसामान. जहाजाने जाणाऱ्या सामानाचे भाडे वजनापेक्षा जागेवर ठरते. सहा फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल कपाट म्हणजे ४८ घनफूट, सुमारे १.४ घनमीटर. आत चिंधीसुद्धा ठेवली नाही तरी भाडे तेवढेच. त्यावर न्हावाशेव्यापर्यंतचा ट्रक, दोन्ही बंदरांचे आकार, तिकडची हमाली. हा आकडा कागदावर मांडला की निम्मी कपाटे आपोआप घरी राहतात.

पैसे असले तरी हवा सोसत नाही. आपल्या कोकणातले लाकूड पावसाळाभर ओल पिते. थंड देशात घरे आतून तापवतात, तिथली हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसते, सांधे सैल होतात, फळ्या तडकतात. जुना सागवान टिकाव धरतो, फणस-आंब्याचा भरवसा नाही. ऑस्ट्रेलियात तर लाकडाची कसून तपासणी होते. भुंग्याचे एक भोक दिसले, की धुरी देण्याचा खर्च आपल्या माथी. पॅकिंगच्या लाकडी खोक्यांवरही किडीविरुद्ध प्रक्रिया केल्याचा, गव्हाच्या ओंबीचे चित्र असलेला शिक्का लागतो.

देवघरातली जुनी मूर्ती किंवा पणजोबांची समई न्यायची असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा माहीत हवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखितेही. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा. विमानतळावर वाद घालून काही उपयोग होत नाही.

हे झाले हिशेबाचे. पण काही वस्तूंचा हिशेब पट्टी वाचून होत नाही, तो आमच्याच घरात झाला. माझी पुतणी गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर अमेरिकेस निघाली. दादा जाऊन चार वर्षे झालेली. माजघरातला शिसवी झोपाळा त्यांचा आवडता. वहिनींनी तो काढून पॅक करवायचे ठरवले. पुतणीचेही मन त्यावर होतेच. मला बोलावले ते कड्या कशा उतरवाव्यात हे विचारायला.

मी पुतणीला विचारले, "भाड्याच्या घरात टांगशील कुठे? तिथल्या छताला लाकडी सांगाडा नि खाली पातळ तक्ते. मालक खिळा ठोकू देत नाही."

"मग भिंतीला टेकवून ठेवीन, काका. बाबांचा आहे."

वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. ती बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तिला नाही म्हणवत नाही हो. पण तो गेला की संध्याकाळी मी कुठे बसू? वर नुसत्या कड्या बघत?"

माझ्या सगळ्या व्होल्टांपेक्षा हा प्रश्न मोठा होता. मी तो जसाच्या तसा पुतणीला सांगितला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग उठून तिने यादीतून झोपाळा खोडला आणि त्या जागी लिहिले : आईने शिवलेली गोधडी, विळी, इडलीपात्र, बाबांचा चष्मा. सगळे मिळून एका बॅगेत बसले.

मग कपाटाला उत्तर हे असे : जाणाऱ्याच्या यादीशेजारी राहणाऱ्याचीही यादी करावी. तिकडे पहिल्या महिन्यात रोज हाताशी लागेल ते न्यावे. इकडे जे अजून रोज कुणाच्या तरी उपयोगी पडते, ते हलवू नये. आणि जे दोन्हीकडे नुसते टेकवून ठेवायचे, ते ज्याला हवे त्याला आनंदाने देऊन टाकावे. मुले सुटीत घरी येतील, तेव्हा त्यांना बसायला इथे एक चांगली जागा हवी ना!