जिप्सम बोर्डच्या भिंतीवर शेल्फ का निखळतं?

रिसोडमधल्या घरांच्या विटांच्या भिंतीत ड्रिल मारलं, प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळला की शेल्फ पक्कं. पण दुकानात किंवा दवाखान्यात जिप्सम बोर्डचं पार्टिशन असेल, तर हीच पद्धत धोक्याची ठरते.

असं का होतं?
विटेत गिट्टी फुगून घट्ट बसते. जिप्सम बोर्ड मात्र साधारण साडेबारा मिलिमीटर जाड आणि मागे पोकळ. वजन वाढलं की गिट्टी भुगा पाडत बाहेर येते. शेल्फ जितकं पुढे आलेलं, तितकी वरच्या स्क्रूवर ओढ जास्त.

मग काय करायचं?
बोर्डामागे पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात, बहुतेकदा दोन-दोन फुटांवर. लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटेल तिथे पट्टी. ब्रॅकेट तिथेच स्क्रूने बसवा. पट्टी नसलेल्या जागी टॉगल बोल्ट वापरा. तो मागे छत्रीसारखा उघडतो, पण फक्त हलक्या सामानासाठी. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत ड्रिल टाळा. आत वायर असू शकते.

पार्टिशन अजून व्हायचंय?
मग शेल्फच्या जागी आतून जाड प्लायवूड टाकायला कारागिराला आधीच सांगा. फाइली, औषधांचे खोके अशा जड सामानासाठी तोच खरा आधार.