अंगावरचा सातबारा

भायखळा स्थानकावर उतरून जो कोणी वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचा रस्ता विचारील, त्यास आजही उलट प्रश्न येतो, "म्हणजे राणीची बाग ना?" नाव बदलून कित्येक वर्षे लोटली, तरी मुंबईकरांच्या जिभेवरचे नाव काही खालसा झालेले नाही. बालमित्रांनो, ही बाग १८६२ साली जनतेस खुली झाली ती प्राण्यांकरिता नव्हे, तर वृक्षवेलींकरिता. शेती व उद्यानविद्येच्या उत्तेजनार्थ स्थापन झालेल्या एका मंडळाने ती वसविली, नाना शंकरशेट आणि डॉक्टर बर्डवुड यांच्यासारख्या गृहस्थांनी तिच्यासाठी खटपट केली, आणि १८७३ साली तिचा कारभार नगरपालिकेकडे आला. पशुपक्ष्यांचे बिऱ्हाड येथे मांडले गेले ते त्यानंतर, १८९० च्या सुमारास. म्हणून पिंजऱ्यांकडे धावण्यापूर्वी आफ्रिकेच्या कोरड्या माळरानातील पाण्याची टंचाई जाणून आपल्या पिंपासारख्या खोडात पाणी साठवणाऱ्या गोरखचिंचेला एक प्रदक्षिणा घालावी, हे बरे.

या गोरखचिंचेपासूनच आजचा धडा सुरू होतो. शेतजमिनीचा जसा सातबाराचा उतारा असतो आणि तो वाचला की जमीन कोठली, कोणाची, तीत काय पिकते याचा उलगडा होतो, तसा प्रत्येक प्राण्याच्या अंगावर त्याच्या मुलखाचा उतारा लिहिलेला असतो. तो वाचण्यास अक्षरओळख लागत नाही. लागते ती फक्त सवड.

गेल्या हिवाळ्यात आठ वर्षांच्या नातवास घेऊन मी पाणघोड्याच्या तळ्यापाशी उभा होतो. तळ्यात गढूळ हिरव्या पाण्यावाचून काहीच दिसत नव्हते. माणसे येत, क्षणभर डोकावत, "रिकामंच आहे," असे म्हणून पुढे जात. "आजोबा, चला ना," असा लकडा नातवानेही लावला. पण मी घड्याळ त्याच्या हाती दिले आणि मिनिटे मोजावयास सांगितली. चौथे मिनिट सरत आले असता पाण्यावर प्रथम दोन नाकपुड्या उघडल्या, फुर्रकन तुषार उडाले, मग दोन बटबटीत डोळे आणि अखेरीस दोन इवलेसे कान वर आले. त्या कानांनी गरगर फिरून पाणी झटकून टाकले, आणि ते सारे पुन्हा तळाशी गेले. नाक, डोळे, कान एकाच रेषेत माथ्यावर का, हे तेवढ्यावरूनच कळते: उरलेला प्रचंड देह पाण्यात दडवून जगाची खबर ठेवावयाची, हा त्याचा बंदोबस्त आहे. आफ्रिकेच्या रणरणत्या उन्हात त्याची कातडी लवकर सुकते आणि भेगाळते. म्हणून तो दिवस पाण्यात काढतो आणि रात्री गवत चरावयास बाहेर पडतो. शिवाय त्याच्या कातडीतून तांबूस द्रव पाझरतो, तो ऊन आणि रोगजंतू दोहोंपासून रक्षण करतो. एवढे असून हा जलचरांचा सरदार धड पोहत नाही. तो तळावरून चालतो. तो जबडा वासतो तेव्हा त्यास जांभई आली असे समजून आपण हसतो, वस्तुतः पुष्कळदा तो प्रतिस्पर्ध्यास सुळे दाखवून दम देत असतो.

वाघाच्या अंगावरील उतारा अधिक गूढ आहे. २०२० साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी येथे आली, तेव्हा त्यांना पाहावयास झुंबड उडाली. एवढा भगवा, भडक प्राणी हिरव्या रानात लपतो तरी कसा, असा प्रश्न तुम्हांस पडेल. त्याचे उत्तर वाघापाशी नसून हरणाच्या डोळ्यांत आहे. हरणास तांबडा आणि हिरवा यांतील भेद नीट उमगत नाही. त्याच्या दृष्टीने वाघ हा गवताच्याच रंगाचा, आणि त्यावरील काळे पट्टे म्हणजे गवताच्या पात्यांच्या सावल्या. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात, आणि अभयारण्यांतील गणती करणारे छायाचित्रांतील या पट्ट्यांवरूनच वाघ ओळखतात.

ज्यास वाघ फसवितो त्या चितळाच्या अंगावरील पांढरे ठिपके पानांतून झिरपणाऱ्या कवडशांसारखे असतात, हे तर उघडच दिसते. परंतु त्याची शिंगे बारकाईने पाहा. नराची ही फांद्यांची शिंगे भरीव हाडाची असतात, ती गळून पडतात आणि पुन्हा नवी उगवतात. नव्या शिंगावर मखमलीसारखी लव असते, ती पुढे झाडावर घासून तो काढून टाकतो. काळवीट मात्र हरणाच्या नावाने ओळखला जात असला तरी त्याची गोष्ट वेगळी: त्याच्या पीळदार शिंगास फांदी फुटत नाही, आणि ते जन्मभर गळत नाही.

मगर ऊन खात तोंड उघडून पडलेली दिसली की ती शिकारीच्या तयारीत आहे असे मानू नये. उघड्या तोंडावाटे ती डोक्यातील उष्णता बाहेर टाकीत असते. उन्हाशी तिचे नाते जन्मापूर्वीच जडलेले असते, कारण मगरीच्या अंड्यातून नर निघावा की मादी, हे घरट्यातील उष्णतेवर ठरते. सुमारे ३२ अंशांच्या आसपास नर निपजतात, त्याहून थंड घरट्यात माद्या.

आता पेंग्विन. २०१६ साली दक्षिण कोरियातील सेऊल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले, आणि २०१७ च्या मार्चपासून काचेआडून त्यांचे दर्शन सर्वांस घडू लागले. पेंग्विन म्हटला की बर्फ, हे समीकरण येथे मोडते. या जातीचा मुलूख म्हणजे पेरू आणि चिली या देशांचा किनारा, आणि तो बहुतांशी वाळवंटी आहे; बर्फाचा तेथे मागमूस नाही. फक्त त्या किनाऱ्यालगत थंड पाण्याचा एक प्रवाह वाहतो, त्यात माशांची रेलचेल असते, आणि त्या प्रवाहास ज्या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे तेच या पक्ष्यासही मिळाले. अंगाबाहेर उष्णता टाकण्यासाठी चोचीच्या मुळाशी पिसे नसलेली गुलाबी कातडी. वरून पाहणाऱ्यास समुद्राच्या गडदपणात मिसळणारी काळी पाठ, खालून पाहणाऱ्यास उजेडात मिसळणारे पांढरे पोट. आणि समुद्राचे खारे पाणी पोटात गेले तर मीठ वेगळे काढणारी डोळ्यांवरची ग्रंथी. इतका सारा उतारा त्या दीड-दोन फुटी देहावर मावला आहे.

हे वाचन करताना दोन नियम पाळावेत. काचेवर टकटक करू नये, आणि आपल्या पुडीतले दाणे कोणास देऊ नयेत. प्रत्येक प्राण्याचा शिधा ठरलेला असतो, आणि पुडीसकट गिळलेला एक घास एखाद्या हरणाच्या जिवावर बेतू शकतो. बुधवारी बाग बंद असते. त्या दिवशी तेथील रहिवाशांस आपल्या नजरेपासूनही रजा मिळते.

परतताना बागेलगतच्या संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती पाहावयास आम्ही थांबलो. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास आपल्या भाषेत हत्तीचे नाव दिले. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ साली ते तुकडे सांधून त्यास या बागेत उभे केले. हा सारा इतिहास मी नातवास सांगत होतो, परंतु त्याचे लक्ष माझ्याकडे नव्हते. घड्याळ हाती धरून, टक लावून, तो त्या दगडी कानांकडे पाहत होता.

चार मिनिटे झाली. मी त्यास घाई केली नाही.