‘विरघळले’ म्हणजे काय? धातुयुक्त औषधे आणि पाणी

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातील जानेफळच्या परिसरात पाण्याचा विषय निघाला की लोणारचे विवर आठवल्यावाचून राहत नाही. सरोवराचे पाणी खारे व सोडायुक्त; आणि त्याच विवराच्या काठावर पडणारी धार मात्र गोड्या पाण्याची. एका दृष्टिक्षेपात मावणारी ही दोन पाणी रसायनदृष्ट्या एकमेकांपासून फार दूर आहेत. लोकभाषेला हा भेद चांगला ठाऊक असतो. गोडे, खारे, मचूळ, जड अशी विशेषणे ती उगाच लावीत नाही. जड पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे तिला अनुभवाने कळलेले असते. प्रयोगशाळेतील भाषा या बाबतीत पुष्कळदा अधिक सैल आढळते. ‘संयुग पाण्यात विरघळेना, म्हणून प्रथम अन्य द्रवात विरघळवून मग पाण्यात मिसळले’ अशा धाटणीचे वाक्य नव्या धातुयुक्त औषधांच्या चाचणीत सहज लिहिले जाते. कोणते पाणी, हे त्यात नसते. आणि ‘विरघळले’ या क्रियापदाचा नेमका अर्थ काय, हेही नसते.

व्यवहारात या क्रियापदात एक आश्वासन गृहीत असते. साखर पाण्यात दिसेनाशी झाली तरी ती साखरच राहते. मिठाचे आयन सुटे होतात, परंतु पाणी आटविले की मीठ परत मिळते. वस्तू लपली, नष्ट झाली नाही, असा हा अर्थ आहे. धातूच्या अणूभोवती इतर अणू किंवा रेणू बांधून केलेल्या संयुगांच्या बाबतीत हे आश्वासन पाळले जाईलच असे नाही. तेथे पाणी हे केवळ आश्रय देणारे माध्यम नसून स्वतः धातूला चिकटू पाहणारे द्रव्य असते.

सिस्प्लॅटिन हे याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण होय. हे संयुग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रसायनशास्त्रज्ञांना परिचित होते. १९६५ साली अमेरिकेत रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच्या वर्गातील संयुगांचा जिवाणूंच्या विभाजनावर होणारा परिणाम आढळला, आणि १९७८ मध्ये कर्करोगावरील औषध म्हणून त्यास त्या देशात मान्यता मिळाली. त्याच्या रेणूत एका प्लॅटिनमभोवती दोन अमोनिया व दोन क्लोराइड असतात. एक ग्रॅम विरघळविण्यास सुमारे ४०० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे त्याची विद्राव्यता बेताचीच. परंतु खरा प्रश्न त्यापुढचा आहे. शुद्ध पाण्यात ते विरघळते न विरघळते तोच क्लोराइड सुटू लागतात व त्यांच्या जागी पाण्याचे रेणू बसतात. शरीराच्या तापमानास ही घडामोड काही तासांतच बरीच पुढे जाते. पाणी तेवढेच स्वच्छ दिसते. त्यातील पदार्थ मात्र बदललेला असतो.

खाऱ्या पाण्यात तसे होत नाही. तेथे क्लोराइड विपुल असल्याने सुटलेल्याची जागा पुन्हा क्लोराइडच घेतो. रुग्णास हे औषध क्लोराइडयुक्त द्रवातून देतात त्याचे कारण हेच. रक्तद्रवात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल असते, तर पेशीच्या आत ते कितीतरी कमी. तेथे शिरल्यावर क्लोराइड सुटतात आणि मोकळे झालेले प्लॅटिनम डीएनएमधील ग्वानीनला जाऊन बिलगते. बाहेरचे खारे पाणी औषध राखते व आतले ‘गोडे’ पाणी त्यास कामास लावते, असे म्हणावयास हरकत नाही. तात्पर्य, पाण्याशी होणारी ही अदलाबदल म्हणजे औषधाचा दोष नव्हे. ती अवेळी, बाटलीतच झाली तर मात्र प्रयोग फसतो.

याहून अधिक घात ‘अन्य द्रवा’ने होतो. डायमिथिल सल्फॉक्साइड हा द्रव अनेक दुर्विद्राव्य पदार्थांना सहज सामावून घेतो व पाण्यात पूर्णपणे मिसळतो. त्यामुळे चाचणीगृहांत तो हाताशी असतोच. पण त्यातील गंधकाला प्लॅटिनमची विलक्षण ओढ. तो क्लोराइडला हुसकावून स्वतः जागा घेतो व औषधाची शक्ती हरपते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी सिस्प्लॅटिन व कार्बोप्लॅटिन यांविषयी हे सप्रयोग मांडून त्या द्रवाचा वापर टाळण्याचा इशारा दिला. इशारा द्यावा लागला, याचाच अर्थ तो वापर चालू होता. अशा कुपीतील औषधाने पेशी मेल्या नाहीत, तर ‘पेशी औषधास दाद देत नाहीत’ असा निष्कर्ष निघणार. वस्तुतः औषध पेशीपर्यंत पोहोचलेलेच नसते. नव्या संयुगाची तुलना सिस्प्लॅटिनशी करण्याची प्रथा आहे. तेव्हा मापदंडच असा निकामी झाला, तर नव्याची थोरवी फुकट वाढते.

इतर धातूंच्या अडचणी निराळ्या आहेत. रुथेनियमचे केपी १०१९ हे संयुग माणसांवरील पहिल्या चाचणीपर्यंत पोहोचले. परंतु विद्राव्यता इतकी कमी की मोठी मात्रा द्यावयाची तर शिरेतून फारच मोठ्या आकारमानाचा द्रव द्यावा लागे. पुढे त्याचा धन आयन बदलून सोडियमचे लवण केले, तेव्हा ते पाण्यात कितीतरी अधिक विरघळू लागले. टायटॅनियमच्या बुडोटिटेनची गत याहून बिकट. पाणी लागताच ते विघटन पावते आणि शेवटी टायटॅनियम डायऑक्साइडचा साका उरतो. त्यास वाचविण्यासाठी एरंडेल तेलापासून केलेल्या द्रव्याच्या सूक्ष्म थेंबांत ते कोंडावे लागले. असा द्रव डोळ्यास विद्रावासारखा भासला तरी तो विद्राव नव्हे, कलिल होय. प्रकाशाचा बारीक झोत टाकला तर त्याचा मार्ग त्यात उजळून दिसतो.

या ठिकाणी रसशास्त्राची परिभाषा आठवते. पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथावलीत प्रसिद्ध झालेल्या ‘रसरत्नसमुच्चया’त भस्माच्या परीक्षांना वेगवेगळी नावे आहेत. स्थिर पाण्यावर तरंगते ते ‘वारितर’. बोटांच्या रेषांत शिरते ते ‘रेखापूर्ण’. धातूचे मूळ रूप पुन्हा प्रकटत नाही ते ‘अपुनर्भव’. वारितर भस्म पाण्यात विरघळलेले नसते; कण अतिसूक्ष्म व न भिजणारे असल्याने पृष्ठताण त्यांस तोलून धरतो. जठरातील आम्लात त्या धातूचे काय होईल, हे त्या परीक्षेने कळत नाही, आणि तरंगणे हा निरुपद्रवीपणाचा पुरावाही नाही. तथापि तरंगणे, रेषांत शिरणे व मूळ रूपास न परतणे या तीन गोष्टी एकाच क्रियापदात कोंबल्या गेल्या नाहीत, हे भाषाभ्यासकाने अवश्य टिपावे.

आजच्या नोंदवहीत निदान तेवढा भेद यावयास हवा. गाळलेल्या पाण्यात धातू किती आहे हे अणुशोषण वर्णपटमापकाने कळते. परंतु ते यंत्र धातू मोजते, औषध नव्हे. प्लॅटिनमच्या शेजारी क्लोराइड आहे, पाणी आहे की गंधक, हे पाहावयास अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा आधार घेतात. कारण प्लॅटिनम १९५ या समस्थानिकाचा संकेत शेजाऱ्याप्रमाणे आपली जागा बदलतो. ताज्या विद्रावाची व एक दिवस ठेवलेल्या विद्रावाची अशी नोंद शेजारी शेजारी ठेवली, की ‘विरघळले’ या शब्दाआड काय घडले ते दिसू लागते.