स्टेटसवरची साडी
नागपूरच्या महाल भागात केळीबाग रोडवरच्या एखाद्या साडीच्या दुकानात घटकाभर बसून पाहा. दुकानदार गादीवर साडी उलगडतो, बाई पदराचा फोटो काढून भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. ‘काठ बारीक आहे’, ‘मागच्या महालक्ष्म्यांना अशीच घेतली ना?’ अशी उत्तरं आल्यावरच घासाघीस सुरू. समोर गिऱ्हाईक एक, पसंती दहा जणींची!

विक्रेत्यांना बायकांच्या फोनचं अप्रूप आहे ते यामुळेच. किराणा, मुलांचे कपडे, लग्नातला आहेर बहुतेक घरांत त्याच ठरवतात; आणि जाहिरातीपेक्षा नणंदेचा शब्द वजनदार. २०१५ साली सुरू झालेल्या ‘मीशो’ या ऑनलाइन विक्रीच्या अॅपने सुरुवातीचा धंदा याच ओळखीपाळखीवर उभारला: गृहिणीने मालाचे फोटो पुढे पाठवायचे, किमतीवर आपला नफा चढवायचा. पुढे जानेवारी २०१८ मध्ये छोट्या धंद्यांसाठी ‘व्हॉट्सअॅप बिझनेस’ आलं. घरी कुरड्या-सांडगे करणारीला मात्र साधं स्टेटसही पुरतं. ते २४ तास टिकतं, उन्हाळ्यात तेवढ्यात ऑर्डरी भरतात.

नापसंतीही तितकीच झपाट्याने फिरते. पहिल्या धुण्यात रंग गेलेल्या साडीचा फोटो सकाळी पडला, तर संध्याकाळपर्यंत माहेरच्या ग्रुपवरही पोचलेला असतो, दुकानाच्या नावासकट.